मग तुम्हाला कसं कळलं?

इंटरव्ह्यू कुठलाही असो, पोस्ट कुठलीही असो, दोन प्रश्न हमखास येतात. तुमचं कम्युनिकेशन कसं आहे हा एक, आणि तुम्ही सोडवलेला एखादा अवघड प्रॉब्लेम सांगा हा दुसरा. शब्द बदलतात, कुणी विचारतं की सहकाऱ्याशी पटलं नाही तेव्हा काय केलंत, कुणी विचारतं की एखादी किचकट गोष्ट त्यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला कशी समजावलीत, कुणी विचारतं की काम वेळेत होत नाहीये असं दिसल्यावर पहिला फोन कुणाला केलात, पण फिरून फिरून हेच दोन. मी बरीच वर्षं विचारणाऱ्यांच्या बाजूला बसतेय आणि उत्तरं ऐकून ऐकून माझं पक्कं मत झालंय की हा एकच प्रश्न आहे, दोनदा विचारलेला. कुठली माहिती कुठे अडकलीय हे तुम्हाला दिसतं का, एवढंच पॅनेलला जाणून घ्यायचं असतं. प्रॉब्लेम असतो तेव्हा ती तुमच्यापर्यंत पोचलेली नसते, समजावून सांगायचं असतं तेव्हा ती समोरच्यापर्यंत पोचलेली नसते.

आणि बहुतेक जण उत्तरात विशेषणं देतात. माझं कम्युनिकेशन स्ट्राँग आहे, मी टीम प्लेयर आहे, प्रेशरखाली चांगलं काम करतो. मला या लोकांचा राग येत नाही, कारण त्यांना कुणीतरी हेच पाठ करायला सांगितलेलं असतं, वाईट वाटतं ते याचं की त्यातल्या कितीतरी जणांकडे सांगण्यासारखं भरपूर असतं आणि ते सांगायचं राहूनच जातं.

पॅनेलवरच्या माणसासमोर एक कागद असतो, तो बऱ्याच उमेदवारांना माहीत नसतो म्हणून जरा सविस्तर सांगते. जिथे इंटरव्ह्यू नीट आखलेले असतात तिथे सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात, प्रत्येक उत्तराला मार्क देतात, समजा एक ते पाच, आणि कसलं उत्तर आलं की एक द्यायचा, कसलं आलं की पाच, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. याला स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू म्हणतात. नुसत्या गप्पा मारून माणूस जोखण्यापेक्षा या पद्धतीने पुढच्या कामाचा अंदाज जास्त बरा येतो, हे १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं तेव्हाही दिसलं होतं, आणि २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासले तेव्हा तर निवडीच्या ज्या ज्या पद्धती त्यांनी पाहिल्या त्यात हीच सगळ्यात वर निघाली. तर त्या कागदावर "छान बोलला" असा रकाना नसतो. समोरच्याची अडचण आधी समजून घेतली का, एकापेक्षा जास्त शक्यता तपासल्या का, आपलं म्हणणं पोचलंय याची खात्री केली का, साधारण अशा गोष्टी असतात. आता मला सांगा, "मी टीम प्लेयर आहे" हे ऐकून यातल्या कुठल्या रकान्यात मी काय भरू?

ही जी प्रसंग विचारायची पद्धत आहे ना, तिची मुळं पार दुसऱ्या महायुद्धात जातात. जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेच्या सैन्याच्या हवाई विभागासाठी काम करत होते. १९४१ साली पायलटच्या ट्रेनिंगमधून बाहेर काढलेल्या १,००० उमेदवारांच्या नोंदी तपासल्या गेल्या, हे नापास का झाले ते बघायला. कारणं काय लिहिलेली, तर उडण्याची उपजत क्षमता नाही, स्वभाव योग्य नाही, निर्णयशक्ती कमी, प्रगती पुरेशी नाही. म्हणजे सगळी विशेषणंच, आणि त्यातून पुढच्या बॅचला काय शिकवायचं हे काही केल्या कळेना. मग त्यांनी वेगळं विचारायला सुरुवात केली, नेमकं काय घडलं, त्या माणसाने त्या क्षणी काय केलं, त्याचा काय परिणाम झाला. १९५४ मध्ये फ्लॅनगन यांनी ही पद्धत सविस्तर लिहून काढली, क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक या नावाने. पुढे १९८२ साली टॉम जॅन्झ यांनी नोकरीच्या इंटरव्ह्यूत मागच्या वागण्याबद्दल विचारून काय फरक पडतो याची तुलना प्रसिद्ध केली, आणि आज "असा एखादा प्रसंग सांगा" हे वाक्य जगभरच्या इंटरव्ह्यूत ऐकू येतं. मला या इतिहासातलं सगळ्यात आवडतं ते हे की सुरुवातच विशेषणांना कंटाळून झाली.

एक उमेदवार मला कायम आठवतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर काम करणारा मुलगा, आमच्याकडे ऑपरेशन्सच्या, म्हणजे रोजचं कामकाज सांभाळायच्या जागेसाठी आलेला. प्रॉब्लेम सोडवल्याचं उदाहरण विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे रिपोर्ट डिलेचा इश्यू होता, मी प्रोॲक्टिव्हली सगळ्या डिपार्टमेंटशी कोऑर्डिनेट करून तो रिझॉल्व्ह केला." झालं, एका वाक्यात संपलं. माझ्या शेजारी बसलेल्या सरांनी पेन उचललंसुद्धा, दोन मार्क द्यायला. मी विचारलं, "उशीर नेमका कशामुळे होतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

आणि त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, मॅडम, उशीर रोज नव्हता, फक्त सोमवारी, आणि तोसुद्धा फक्त हॉर्मोनच्या टेस्टला. लोक माझ्यावर ओरडायचे म्हणून माझ्या लक्षात आलं, आत मशीनवर बसणाऱ्यांना ते दिसतच नव्हतं कारण त्यांच्या दृष्टीने रिपोर्ट त्याच दिवशी जात होते. आधी मला वाटलं सँपल आणणारी गाडी सोमवारी उशिरा येत असेल, रविवारचं साठलेलं काम असतं म्हणून, तर मी सोमवार आणि मंगळवारच्या सँपल पोचल्याच्या वेळा लिहून काढल्या, काहीच फरक नव्हता, म्हणून गाडीचा विषय सोडला. मग एका सोमवारी शिफ्ट बदलताना सकाळी सहाला जाऊन उभा राहिलो. रविवारी रात्रीचा टेक्निशियन एकटा असतो, त्याच्याकडून एका मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप जुळवून घेणं, राहून जायचं आणि तो तसं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मशीनच्या झाकणावर चिकटवून जायचा. सकाळी सफाईवाल्या मावशी येऊन मशीन पुसायच्या, चिठ्ठी निघायची. सकाळचा माणूस सँपल लावायचा, कंट्रोल, म्हणजे मशीन बरोबर चालतंय का ते बघायचं सँपल, फेल जायचा, मग परत पहिल्यापासून सगळं. मावशींनाच विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, अरे मला वाटलं जुना कागद आहे.

मी विचारलं, मग काय केलंत? तर म्हणाला, रात्रीच्या माणसाला जाऊन तुझ्यामुळे उशीर होतो असं म्हणालो असतो तर तो चिडला असता, आणि त्याची चूक नव्हतीच, त्याने तर लिहून ठेवलेलं. म्हणून त्याला विचारलं की तुमची चिठ्ठी सकाळी कुणाला मिळते हे तुम्हाला माहितीये का. तो म्हणाला मिळतच असेल ना. मग आम्ही दोघं मिळून सुपरवायझरकडे गेलो आणि हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये "मशीनचं बाकी काम" असा एक रकाना वाढवून घेतला, जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही.

बघा, यात सगळं आहे. लक्षण कुठे दिसतंय आणि कारण कुठे आहे हे वेगळं काढलंय, एक शक्यता तपासून सोडून दिलीय, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलंय, जिला कुणी कधी काही विचारत नाही अशा बाईंना विचारलंय, दोष न देता बोललाय, आणि उपाय असा काढलाय की तो स्वतः तिथे नसला तरी चालू राहील. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग कुठे संपलं आणि कम्युनिकेशन कुठे सुरू झालं हे मला तरी वेगळं करता येणार नाही, कारण बिघाडच मुळात एका निरोपाचा होता. आणि हा मुलगा "कोऑर्डिनेट करून रिझॉल्व्ह केला" एवढं म्हणून उठून गेला असता!

म्हणून कुणीही मला विचारलं की तयारी कशी करू, तर मी सांगते की आपल्या प्रत्येक प्रसंगाला हाच प्रश्न विचारून बघा, मला कसं कळलं. स्टार नावाची जी पद्धत सगळीकडे शिकवतात, परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, ती चांगलीच आहे, १९७० च्या दशकापासून चालत आलीय, पण बोलताना होतं काय की परिस्थिती सांगण्यातच अर्धा वेळ जातो. कंपनी कशी होती, प्रोजेक्ट किती मोठा होता, बॉस कसा होता, आणि कृतीवर येईपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. परिस्थिती दोन वाक्यांत उरका. कृती म्हणजे नुसतं "मी मीटिंग घेतली" नव्हे, मीटिंगच का, फोन का नाही, आधी कुणाशी बोललात आणि त्याच्याशीच का, दुसरं काय करता आलं असतं आणि ते का नाही केलंत, हे सगळं. तुमचं डोकं कसं चालतं ते या "का" मध्येच दिसतं, बाकीचं तर रेझ्युमेवर असतंच.

इथे अजून एक अडचण येते आणि ती हुशार माणसांना जास्त येते. आपला प्रसंग आपल्याला इतका पाठ असतो की समोरच्याला तो पहिल्यांदाच ऐकायला मिळतोय हे विसरायला होतं. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्डला पीएचडी करताना एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली किती, तर ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, चालीसकट, शब्दांसकट, आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक. इंटरव्ह्यूमध्ये उमेदवार जेव्हा आपल्या जुन्या ऑफिसमधली शॉर्ट नावं, सिस्टिमची नावं, "ते एस्केलेशन झालं तेव्हा" वगैरे बोलायला लागतो तेव्हा मला टकटकच ऐकू येते. कम्युनिकेशनचं उदाहरण तो नंतर देणार असतो, पण त्याची परीक्षा तेव्हाच चालू झालेली असते. अशा वेळी जो मध्येच थांबून विचारतो की "ही सिस्टिम काय करते ते एका वाक्यात सांगू का?" त्याच्याबद्दल मला लगेच विश्वास वाटायला लागतो, कारण हा माणूस कामावरही असंच विचारेल.

आता ऐकण्याबद्दल. कम्युनिकेशनचा प्रश्न आला की सगळे बोलण्याबद्दल सांगतात, प्रेझेंटेशन दिलं, क्लायंटला पटवलं. ऐकण्याचं उदाहरण क्वचित कुणी देतं आणि दिलंच तर "मी एक चांगला श्रोता आहे" असं, म्हणजे परत विशेषण. विमान वाहतुकीत याचा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलेत. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधून रेडिओवर जे सांगितलं गेलं त्याचा टॉवरने अर्थ लावला की विमान उड्डाणाच्या जागेवर थांबलंय, प्रत्यक्षात ते निघालेलं होतं. टॉवरचं उत्तर "ओके" ने सुरू झालं, पुढे थांबायला सांगितलं होतं, पण नेमकं त्याच क्षणी दुसरं, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमान "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" असं सांगत होतं, दोन्ही आवाज एकमेकांवर आले आणि केएलएमला स्पष्ट ऐकू आलं ते तेवढं "ओके". त्यानंतर जे नियम कडक झाले त्यात "टेकऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा हे होतं, आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसतं "ओके" किंवा "रॉजर", म्हणजे मिळालं, एवढंच म्हणून चालणार नाही, ती सूचना परत म्हणून दाखवायची हेही होतं. समोरच्याने परत म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचंच नाही.

आपल्या रोजच्या कामात जीव जात नाहीत, पण "मी मेल टाकला होता" या वाक्यावर किती भांडणं होतात ते आठवा. मेल टाकणं हा निम्माच भाग झाला. म्हणून या प्रश्नाला उत्तर देताना, निरोप पोचलाय हे मला कशावरून कळलं, एवढं एक वाक्य जरी असलं ना, तरी ते उत्तर बाकीच्या उत्तरांपेक्षा खूप वर जातं. आणि इंटरव्ह्यूमध्ये ते तिथल्या तिथे करूनही दाखवता येतं. प्रश्न लांबलचक आला, दोन प्रश्न एकात आले, तर "म्हणजे तुम्हाला आधी मतभेद कसा झाला ते हवंय आणि मग तो मिटला कसा ते, बरोबर?" असं विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

थांबण्यातही नाही. बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, हे २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांवर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्यात. एवढी सवय असल्यावर तीन सेकंदांची शांतताही आपल्याला केवढी मोठी वाटते, मग त्या धास्तीने माणूस तोंडाला येईल ते पहिलं उदाहरण बोलून मोकळा होतो आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचं त्यालाच कळतं की हे चुकीचं निवडलं. "मला जरा आठवू द्या" म्हणा आणि खरंच आठवा. मी आजवर कुणाचे त्यासाठी मार्क कापलेले नाहीत आणि माझ्यासमोर कुणी कापायला लागलं तर मी भांडेन.

भांडायचा विषय निघालाच आहे तर अजून एक. ज्यांचा इंटरव्ह्यू त्यांच्या घरच्या भाषेत होत नाही त्यांच्यावर या कम्युनिकेशनच्या प्रश्नात फार अन्याय होतो. पटपट बोलता येणं आणि समजेल असं बोलता येणं यात पॅनेलवरची चांगली शिकलेली माणसंसुद्धा गल्लत करतात. अडखळत, क्रियापद चुकवत बोलणाऱ्या माणसाने क्रमाने, एकही गाळलेली पायरी न ठेवता अख्खा प्रसंग उभा केलेला मी पाहिलाय, आणि सुरेख उच्चारात दहा मिनिटं बोलून नेमकं काय केलं ते शेवटपर्यंत न सांगणारेही पाहिलेत. तुमची भाषा कच्ची असेल तर छोटी वाक्यं करा, आकडे द्या, आधी हे, मग हे, असं बांधून बोला, एखादा शब्द अडला तर त्या वस्तूचं वर्णन करा, आणि हो, कागद मागून आकृती काढली तरी चालतं, मला तर आवडतंच.

"आम्ही" आणि "मी" याचं काय करायचं हे मला सारखं विचारतात. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाला "मी केलं" म्हणायला भल्या माणसाला संकोच वाटतो आणि तो संकोच चांगल्या मनाचाच असतो, पण पॅनेलला टीमला नोकरी द्यायची नसते, तुम्हाला द्यायची असते. "निर्णय सुपरवायझरांचा होता, वेळा लिहून काढल्या त्या मी" असं सरळ वाटून सांगा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला दिल्याने तुमचं कमी होत नाही, उलट तुमच्या वाट्याचं जे आहे ते जास्त खरं वाटतं.

तर्काची कोडी घालून माणूस ओळखायचा प्रकार आता बराच मागे पडलाय. गूगलमध्ये तेव्हा नोकरभरतीची जबाबदारी असलेल्या लॅस्झलो बॉक यांनी २०१३ साली सांगितलं होतं की विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील असल्या प्रश्नांतून काहीही कळत नाही, तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. तरी समोर प्रॉब्लेम ठेवून "सोडवा" असं सांगणारे इंटरव्ह्यू आहेतच, कोडिंगचे असतात, केस, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण, देऊन विचारतात, आणि तिथे उत्तराकडे उडी मारणाऱ्यांची दमछाक होते. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली चार पायऱ्या मांडल्या, आधी प्रश्न समजून घ्या, मग आखणी करा, मग ती अमलात आणा, आणि शेवटी मागे वळून बघा. यातली पहिली आणि चौथी लोक खाऊन टाकतात. पहिल्या पायरीला काय विचारायचं, तर आपल्याला काढायचं काय आहे, दिलंय काय, अट काय आहे. हे मोठ्याने विचारलं की पॅनेलवरचा माणूस तुमच्याबरोबर विचार करायला लागतो, आणि बऱ्याचदा तो मुद्दाम लपवून ठेवलेली माहिती तुम्ही विचारल्यावरच देतो. चौथी पायरी म्हणजे उत्तर मिळाल्यावर "हे चुकलं असेल तर कुठे चुकलं असेल" असं स्वतःच म्हणणं, तेवढं करायला अर्धं मिनिट लागतं.

हल्ली उत्तरं लिहून देणारी सॉफ्टवेअर्स आलीत त्यामुळे एकाच दिवशी एकसारखी तीन उत्तरं ऐकायची वेळ येते, तीच क्लायंटची तक्रार, तोच साप्ताहिक अपडेट, तोच सुखान्त. त्यांचा वापर करू नका असं मी म्हणणार नाही, मांडणी सुधारायला मदत होते, पण प्रसंग तुमचाच पाहिजे. दुसऱ्याच्या प्रसंगाला "कसं कळलं" असं विचारलं की आत काहीच नसतं. आणि सुखान्त असलाच पाहिजे असंही नाही. अर्धवट सुटलेला प्रॉब्लेम, जिथे कारण सापडलं पण बदल करायचे अधिकार नव्हते, किंवा उपाय केला आणि त्यातून दुसरीच अडचण निघाली, असे प्रसंग मला जास्त ऐकावेसे वाटतात, फक्त कुठे अडकलं ते स्पष्ट सांगता आलं पाहिजे.

माझ्या भाचीचा पहिला इंटरव्ह्यू होता तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, तू हे सगळं सांगतेस, पण माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाहीये गं, मी अजून कुठे काम केलंय?" हे मला इतके जण म्हणतात, नुकतेच शिक्षण संपलेले म्हणतात, मुलांसाठी किंवा आजारी माणसासाठी काही वर्षं घरी राहिलेल्या बायका म्हणतात, रात्रपाळीला गेटवर बसणारा माणूसही म्हणतो, आणि कुणाचंच खरं नसतं. मी तिला म्हटलं, तू त्या मुलाची लेखनिक झाली होतीस ना परीक्षेला, ते सांग. तर म्हणाली, ते काय, तो सांगणार आणि मी लिहिणार, त्यात काय सांगायचं.

मग मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. त्याला दिसत नव्हतं. परीक्षेच्या आधी त्यांनी सराव केला तेव्हा कळलं की तिने आलेख वाचून दाखवला की त्याला काहीच बोध होत नाही, कारण ती आधी रेषेबद्दल सांगायची, वर जातेय, मग खाली येतेय, आणि आडव्या अक्षावर काय आहे ते शेवटी. म्हणून क्रम ठरवला, आधी आडवा अक्ष, मग उभा, मग डावीकडून उजवीकडे एकेक बिंदू, आणि "वाढतेय" हा शब्द ती वापरणार नाही, कारण तो तर उत्तराचा भाग झाला, तो त्याने काढायचा. वजाचं चिन्ह वाचताना निसटतंय हे सरावाच्या पेपरचे मार्क गेल्यावर लक्षात आलं, तेव्हापासून चिन्ह सुटं आणि आकडा सुटा वाचायचा ठरलं. नवीन परिच्छेद म्हणजे टेबलावर एक टिचकी. आणि प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की तो परत वाचून दाखवायचा, त्याने होकार दिला तरच पुढे.

मी तिला म्हटलं, अगं, तुला विचारतील ते हेच, आणि तू हे पूर्ण केलेलं आहेस. काय पोचत नाहीये ते शोधलंस, त्याच्या जागी बसून विचार केलास, नियम बसवलास, तपासलास. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग वही घेऊन लिहायला बसली.

इंटरव्ह्यूच्या शेवटी "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का" असं म्हणतात, तेव्हा लोक सुट्ट्या विचारतात किंवा घाईने नको म्हणतात. ती संधी सोडू नये, कारण निवड तुम्हीही करत असता. भाचीने विचारलं, "काही गडबड सगळ्यात आधी अगदी नवीन माणसाच्या लक्षात आली तर ती तुमच्याकडे वरपर्यंत कशी पोचते?" समोर दोघं होते. एकाने सांगितलं की टीम लीडला मेल करायचा, दुसऱ्या बाई म्हणाल्या की त्यासाठी दर आठवड्याला वेगळी मीटिंग असते, नवीन मुलंच आधी बोलतात. घरी येऊन तिने मला विचारलं की यातलं खरं कुठलं धरू. मी म्हटलं ऑफर आली तर तिथे आत्ता काम करणाऱ्या कुणाला तरी शोधून हाच प्रश्न विचार. ऑफर आली, तिने तिथे काम करणाऱ्या एका मुलीला शोधून काढलं, फोनवर बराच वेळ बोलली, ती मीटिंग खरंच होते आणि त्यात शेवटचा मुद्दा काय निघाला होता तेसुद्धा विचारून घेतलं, आणि मग सही केली.